साडेतीन मिलिमीटर

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत आमच्या शेडमध्ये
माणसांसाठी स्क्रू होतात.
भिंतीसाठी नाही, खुर्चीसाठी नाही. हाडासाठी.
मी तपासणीत बसते. भिंग, दिवा, दोन ट्रे.
डावीकडे स्टील, उजवीकडे टायटॅनियम.

बारा वर्षांत तळहात शहाणा झालाय,
डोळे मिटूनही सांगेन कुठला कोण:
स्टील पडतं ते पडल्यासारखं पडतं,
टायटॅनियम येऊन बसतं,
जवळजवळ अर्ध्या वजनाचं, लगेच कोमट.

लेथवरचा जिग्नेश म्हणतो, स्टील भांडतं, पण समोरासमोर.
टायटॅनियम सगळी आग टोकाशी साठवतं, टूल खातं,
आणि त्याचा कीस पेटला
तर पाणी टाकायचं नाही.
कोरड्या वाळूची बादली म्हणून दाराशी.

फाल्गुनीबेन त्याला रंगवते. रंगवते म्हणजे,
रंग नसतोच तिच्याकडे. टाकीत वीज सोडते.
तीस व्होल्टला निळा, साठच्या आसपास सोनेरी.
वर नुसता पापुद्रा धरतो, उजेड त्यात अडखळतो.
"रंग नथी, जाडाई छे," ती म्हणते
आणि ठेपल्यांचा डबा उघडते.

मामंजी पडले ते स्टुलावरून.
चाळीस वर्षं मल्लखांब शिकवलेला माणूस,
दिवा बदलताना.
घोटा.
दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांनी विचारलं,
स्टील घालू की टायटॅनियम?
आणि सगळं घर माझ्याकडे वळलं,
माझी नोकरी पाहुण्यांना
"खिळ्यांच्या कारखान्यात" म्हणून सांगणाऱ्या
मोठ्या जाऊबाईसुद्धा.

मी काय सांगणार?
मला आटे माहीत, दोन आट्यांतलं अंतर,
माथ्यातल्या षट्कोनाची खोली.
हाड मी कधी पाहिलेलं नाही.
तरी बोलले: स्टील ताठ, स्वस्त,
पण एखाद्या अंगाला त्यातलं निकल सोसत नाही.
टायटॅनियम थोडं लवतं,
हाड त्याला धरून घेतं, इतकं
की पुढे काढायला जावं
तर कधी माथाच झिजतो, आणि ते निघत नाही.

स्ट्रेचरवरून मामंजी:
"म्हणजे एक जावई, एक घरजावई.
स्टील घाला. काम झालं की मुक्काम हलला पाहिजे."

पैशांचं कोणी काही बोललं नाही.
फरक किती, ते नवऱ्याने पावतीमागे मांडलं होतं.
तो कागद त्याने खिशात सरकवला.
मामंजींनी ते पाहिलं.
त्यांना पाहताना मी पाहिलं.

सव्वा वर्षाने निघाले. सहा.
औषधाच्या बाटलीत घालून दिले, लेबल तसंच,
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
माथ्यावर आमची खूण.
एक मी कामावर नेला, सुट्टीत भिंगाखाली धरला.
तिसऱ्या आट्यावर केसाएवढी कूस.

मी पास केलेली? की काढताना डॉक्टरांच्या हातून उठलेली?
त्या वर्षी स्टीलच्या ट्रेवर मीच होते.
भिंग मोठं करतं, तारीख सांगत नाही.
मामंजींना विचारलं, कधी टोचायचं का?
"पायात सहा स्क्रू होते, सूनबाई.
टोचलं नसतं तर मी घाबरलो असतो."

दांडिया बाजारातल्या दारावरची पाटी
केव्हाची एका अंगाने लोंबत होती:
मार्तंड घोरपडे, मल्लखांब शिक्षक.
"तुझा तो सहा कोनी पाना आण," म्हणाले,
घरातल्या कुठल्याच पेचकसाला हा माथा लागेना.
जुन्या खिळ्याच्याच भोकात, सागात,
आटा असा गेला की हाताला समाधान वाटलं.
कुठला लावला, पाहिलं नाही.
म्हणजे, पाहिलं.

बाकीचे पाच बाटलीतच आहेत.
मी तिसऱ्या आट्यापाशी हल्ली जरा जास्त थांबते.
पलीकडून जिग्नेश ओरडतो,
बेन, ट्रे भरला.